मार्क बदलायचे की प्रकल्प?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. नोकरीचं तिसरं वर्ष, नववीचा वर्ग, पटावर अठ्ठावन्न मुलं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी ‘सोलापूरचा इतिहास’ या विषयावर प्रकल्प दिला, अंतर्गत मूल्यमापनातल्या दहा गुणांसाठी. त्रेचाळीस मुलांनी झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत प्रिंट काढून, प्लॅस्टिकच्या फाइलला लावून आणल्या. बहुतेकांत १९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची तीच माहिती, तेच फोटो, आणि चौघांना सोलापुरातच फाशी दिल्याची तीच चूक. या सगळ्यांना बाईंनी दहापैकी चार दिले. एका मुलीनं जुन्या वहीची उरलेली पानं दोऱ्यानं शिवून आजीच्या विडीकामावर स्वतःच्या हातानं लिहून आणलं. तिला नऊ. नंतर एका मुलाचे वडील शाळेत आले. “आजवर मुलाला पूर्ण मार्क मिळत आलेत, तुम्हालाच काय खटकलं?” असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, “आठच्या खाली कुणाला नको. नववीचे मार्क कोण बघतंय?” बाई विचारतात: आकडे बदलले तर त्या मुलीशी बेइमानी होते आणि लबाडीला बक्षीस मिळतं. नाही बदलले तर शाळेत एकटी पडते. काय करू?

बाई,

आधी सरळ उत्तर देतो. मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून चाराचे आठ करू नका. आणि चार आहेत तसेच कायम ठेवून बसूही नका. दोन्ही एकाच वेळी कसं जमेल ते पुढे येईलच, पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका शब्दाशी मला थोडं थांबायचं आहे. तो शब्द ‘लबाडी’. तुम्ही तो तीनदा वापरलात.

प्रकल्प देताना फळ्यावर काय लिहिलं होतंत, तेही तुम्ही पत्रात मनमोकळेपणानं कळवलंय: ‘सोलापूरचा इतिहास – प्रकल्प. सुट्टी संपताच जमा करणे. व्यवस्थित करावा.’ आता या ओळीकडे नववीतल्या पोराच्या डोळ्यांनी बघा. व्यवस्थित म्हणजे काय? त्याच्या आजवरच्या अनुभवात व्यवस्थित म्हणजे रंगीत, खाडाखोड नसलेलं, वर नाव छापलेलं, फाइलला लावलेलं. आठवीपर्यंतच्या आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात प्रकल्प हे एक साधन आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, चाचणी, गृहपाठ यांच्या जोडीनं ते २०१० पासून आलं. कल्पना फार चांगली आहे आणि मी आजही तिच्या बाजूचा आहे. पण साठ मुलांचा वर्ग, नोंदी भरायची तारीख डोक्यावर, अशा वेळी प्रकल्प तपासणं म्हणजे फाइल आली का, एवढंच बघणं होऊन बसतं. मीही तसं केलं आहे. त्या मुलाला वर्षानुवर्षं अशाच फायलींवर अ-१ मिळत आला. नववीत त्याच तऱ्हेच्या फाइलला चार मिळाले. त्याच्या बाजूनं नियम मध्येच बदलला, आणि बदलल्याचं त्याला मार्क हातात पडल्यावर कळलं.

म्हणून मी याला लबाडी म्हणणार नाही. त्यांनी केलं ते चूकच आहे, पण ते चूक आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनाही नाही. त्या गृहस्थांचा आवाज चढला होता हे तुम्हाला लागलं, साहजिक आहे. तरी त्यांचा प्रश्न पुन्हा वाचा. “तुम्हालाच काय खटकलं?” याचं उत्तर त्या दिवशी तुमच्याकडे तोंडी होतं, कागदावर नव्हतं.

आता जरा अवघड बोलतो. त्या मुलीलाही तुमची अपेक्षा माहीत नव्हती. तिनं जे केलं ते तुम्हाला भावलं, मलाही वाचून भावलं. पण तिनं ते इतिहासाची पद्धत समजून केलं, की दुकानात द्यायला पैसे नव्हते म्हणून केलं, हे आपल्याला ठाऊक नाही. दुसरं कारण असेल तर पुढच्या वर्षी चार पैसे हाताशी आले की तीही रंगीत फाइल आणेल. आपण चांगलं काय केलं हे मुलाला कळलं नाही, तर ते पुन्हा जमेलच असं नाही.

माझी एक गोष्ट सांगतो. अजून टोचते म्हणून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सहामाहीच्या पेपरात मी सोलापूरच्या १९३०च्या लष्करी कायद्यावर टीप विचारली होती, चार गुणांची. एका मुलानं पुस्तकातले दोन मुद्दे लिहिले आणि खाली लिहिलं, ‘आमच्या घरात त्या वेळी गांधी टोपी ज्वारीच्या कणगीत लपवली होती असे आजोबा सांगतात.’ मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली, शेजारी ‘विषयांतर’ लिहिलं आणि चारपैकी दोन दिले. पेपर वाटल्यावर तो काही बोलला नाही. पण वर्षभर त्यानं पुन्हा घरातलं एक वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिलं नाही. त्याच वर्षी, त्याच वर्गात मी इतिहासाची साधनं शिकवली होती: भौतिक, लिखित, मौखिक. मौखिक साधन त्या मुलानं आयतं हातात आणून दिलं, आणि मी त्यावर रेघ मारली. शिकवलं एक, तपासलं दुसरं.

तुमच्या वर्गात नेमकं तेच उलट्या बाजूनं झालंय. तुम्हाला मनातून मौखिक साधन हवं होतं, स्वतः विचारलेलं, स्वतः पाहिलेलं हवं होतं. मागितला मात्र ‘सोलापूरचा इतिहास’. एवढा मोठा विषय! सिद्धरामेश्वरांपासून भुईकोट किल्ल्यापर्यंत, १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून डॉक्टर कोटणिसांपर्यंत सगळा. चौदा वर्षांचं पोर त्याला कुठून हात घालणार? ते दुकानातच जाणार, आणि दुकानदाराच्या संगणकात ती फाइल तयारच असते.

त्या मुलीच्या वहीकडे पुन्हा येतो, कारण तुमचं उत्तर तिच्यातच आहे. तुम्ही लिहिलंय, की तिनं एका पानावर तेंदूच्या पानाचा तुकडा चिकटवलाय आणि शेजारी पान कापायच्या पत्र्याच्या मापाची कडा पेन्सिलीनं आखून घेतलीय. पान आदल्या रात्री का भिजवतात, दोरा कुठे बांधतात, कारखान्यात मोजून घेताना किती विड्या बाजूला काढल्या जातात आणि त्याचे पैसे कसे बुडतात, हे आजीला विचारून लिहिलंय. शेवटी एक ओळ: ‘अव्वा तेलुगूत बोलली, मी मराठीत लिहिले.’ बाई, दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनापासून होते. त्यात वंचितांचा इतिहास येतो, स्त्रियांचा इतिहास येतो, पुढे उपयोजित इतिहासाचं अख्खं प्रकरण आहे. पुढच्या वर्षी मुलं ते पाठ करतील. तुमच्या वर्गातल्या एका मुलीनं ते पाठ न करता करून दाखवलं. माहिती कुणी दिली, कोणत्या भाषेत दिली आणि ती कुणी उतरवली, हे तिनं नोंदवलं. इतिहासकार दुसरं काय करतो?

आता या वेळच्या मार्कांचं. माझं म्हणणं असं, की मार्क बदला, पण काम बदलल्यावर. सगळ्या वर्गाला पंधरा दिवस द्या. गड्ड्याची, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेची, धामधूम सुरू व्हायच्या आतली तारीख ठेवा, कारण नंदीध्वज निघाले की वर्ग तुमच्या हाती राहत नाही. आधीची फाइल फेकून द्यायला लावू नका. पालकांनी पैसे घातलेत, ते वाया गेले असं घरी वाटता कामा नये. त्याच फाइलला दोन पानं जोडायची, स्वतःच्या अक्षरात. पहिल्या पानावर आपल्या फाइलमधली एक गोष्ट खरी की खोटी ते तपासून लिहायचं, आणि कुठे तपासलं तेही. दुसऱ्या पानावर एका माणसाला विचारून किंवा एक जागा पाहून आलेली माहिती. मग प्रत्येकाशी दोन-तीन मिनिटं तोंडी बोला. अठ्ठावन्न मुलं म्हणजे चार-पाच तासिका जातील, जाऊ द्या. प्रकल्प कुणी केलाय हे त्या दोन मिनिटांत जेवढं कळतं तेवढं फाइलमधून कधीच कळत नाही. ज्याचं काम सुधारलं त्याचे मार्क सुधारतील. ही संधी एकट्या त्या मुलाला दिलीत तर तो दबाव ठरेल. सगळ्यांना दिलीत तर ते शिकवणं झालं.

फायलींतली ती चूक तर मुळीच वाया घालवू नका. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली ती पुण्याला, येरवडा तुरुंगात. ज्या गावात रोज कुणी ना कुणी या चौघांच्या पुतळ्यांवरून जातं, त्या गावातल्या मुलांच्या फायलींत हे चुकीचं छापलं जातं. एक तासिका यावरच घ्या. ही चूक सगळ्यांकडे सारखीच कशी आली? पहिल्यांदा कुणी केली असेल? खरं काय हे कुठे जाऊन बघायचं? साधनांची चिकित्सा म्हणून जे आपण फळ्यावर शिकवतो, ते त्या तासात आपोआप होईल. आणि मुलांना रागावण्याची गरजच उरणार नाही.

पुढच्या वेळेसाठी प्रकल्प देण्याच्या दिवशीच दहा गुणांची फोड फळ्यावर लिहा आणि मुलांना वहीत उतरवून घ्यायला सांगा. मी असतो तर अशी केली असती: माहिती कुणाकडून, कुठून मिळाली हे लिहिलंय, त्याला तीन. स्वतः पाहिलेलं-विचारलेलं काही आहे, त्याला तीन. सन, नावं, ठिकाणं तपासलेली आहेत, त्याला दोन. तोंडी दोन. रंग, फाइल, कव्हर यांना शून्य, आणि हे शून्यही मोठ्यानं सांगा. वहीची पाच पानं पुरेत, प्रिंट चालणार नाही, घरून एक रुपया मागायचा नाही. तुमची फोड वेगळी असली तरी हरकत नाही, फक्त ती आधी सांगितलेली असू द्या. शक्य झालं तर दोन जुने प्रकल्प, नाव झाकून, मुलांच्याच हातात द्या आणि या फोडीप्रमाणे मार्क द्यायला सांगा. मुलं आपल्यापेक्षा कडक तपासतात, आणि एकदा तपासलं की त्यांना आपल्या मनातलं बरोबर कळतं.

विषय लहान द्या. ‘आमच्या चौकाला हे नाव कसं पडलं.’ ‘गिरणीच्या भोंग्यावर ज्यांचं घड्याळ चालायचं असा एक माणूस.’ ‘घरातली सर्वांत जुनी चादर.’ ‘आमच्या गल्लीत किती भाषा बोलतात आणि त्या कुठून आल्या.’ एक काळजी मात्र घ्या. प्रत्येक घरात सांगणारी आजी असतेच असं नाही. काही मुलं मामाकडे राहतात, काहींच्या घरी सगळी माणसं मागावर आणि रात्री उशिरा येणारी, काहींना घरचं सांगायचं नसतं आणि तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्यासाठी शाळेतल्याच दोन-तीन वाटा ठेवा. शाळेतले जुने शिपाईमामा असतील, पहिलं हजेरीपुस्तक असेल, समोरच्या दुकानाची पाटी असेल. नाहीतर आपण रंगीत फाइलऐवजी आजी असण्याला मार्क देऊ लागू.

आणखी एक, जे तुमच्या पत्रात नाही पण तुमच्या भागात हमखास असतं. मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलतात आणि उत्तर मराठीत लिहायचं असतं. र्‍हस्व-दीर्घ चुकला, लिंग चुकलं म्हणून इतिहासाचे गुण कापू नका. चूक दाखवा, दुरुस्त करून द्या, पण गुण विषयाला द्या. मराठीच्या पेपरात ते वेगळे मोजले जातातच.

लेखी पेपरातही हाच घोळ असतो, थोडक्यात सांगतो. दोन गुणांच्या ‘सकारण स्पष्ट करा’ला मुलं पानभर लिहितात आणि तीन गुणांच्या सविस्तर उत्तराला चार ओळी, कारण किती गुणांना किती मुद्दे हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर चाळीस गुणांचा, वेळ दोन तास. त्यात अठ्ठावीस गुण इतिहासाचे आणि बारा राज्यशास्त्राचे. एवढं जरी नववीतच फळ्यावर मांडून दाखवलंत तरी निम्मी भीती जाते.

आता मुख्याध्यापक. तुम्ही त्यांना भित्रे म्हटलंय. मी इतक्या लवकर म्हणणार नाही. पट कमी झाला की तुकडी जाते, तुकडी गेली की एखादा शिक्षक अतिरिक्त ठरतो, आणि रस्त्यापलीकडे इंग्रजी माध्यमाची शाळा उभी असते. पालक चिडून दाखला न्यायला आले की हे सगळं त्या माणसाच्या डोळ्यांसमोरून जातं. पण “नववीचे मार्क कोण बघतंय” हे त्यांचं म्हणणं मात्र बरोबर नाही, आणि हे तुम्ही त्यांना अदबीनं सांगू शकता. २०२१ साली दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा शंभरातले पन्नास गुण नववीच्या निकालावरून धरले होते. दुसरी गोष्ट त्यांनाही आठवत असेल. २०१९ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे वीस अंतर्गत गुण काढून टाकले होते, आणि राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सगळं खापर त्या वीस गुणांवर फोडता येणार नाही. पण शाळाशाळांतून सरसकट दिलेल्या अंतर्गत गुणांनी किती मुलांना आधार दिला होता आणि त्या आधाराखाली काय झाकलं गेलं होतं, हे तेव्हा दिसलं. पुढच्या वर्षी ते वीस गुण परत आले. ते आले ते बरंच झालं, असं मला वाटतं. ज्या मुलाचा हात लिहायला चालत नाही पण जे बघतं, विचारतं, बोलतं, त्याला दाखवायला तेवढीच जागा आहे. ती सगळ्यांना आठ-आठ देऊन बुजवू नये.

तर सरांकडे जाताना “मार्क वाढवू की नको” हा प्रश्न घेऊन जाऊच नका. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे. गुणांची फोड लिहिलेला कागद घेऊन जा आणि म्हणा, “सर, पंधरा दिवसांची संधी देतेय, यावरून तपासणार आहे, एकदा नजर टाकून सही करता का?” पुढच्या वेळी कुणी पालक आले तर सरांकडे दाखवायला कागद असेल. बहुतेक मुख्याध्यापकांना तेवढाच हवा असतो. समजा, सही केली नाही आणि आकडे बदलाच म्हणाले, तर तुमचे मूळ गुण आणि प्रत्येक मुलासाठी एक ओळीचा शेरा तुमच्या नोंदवहीत तारखेसह ठेवा, आणि बदल कुणाच्या सांगण्यावरून झाला तेही लिहा. त्यापुढे भांडत बसू नका. तिसऱ्या वर्षाच्या शिक्षिकेनं एका प्रकल्पासाठी नोकरी पणाला लावावी असं मी सांगणार नाही.

त्या वडिलांना तुम्ही स्वतःहून बोलवा, स्टाफरूमच्या गर्दीत नको, वर्गात बसवा. मुलाची फाइल आणि कोऱ्या दोन पानांचा कागद समोर ठेवा. म्हणा, “मी आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. आता असं करायचंय, त्याला घेऊन एकदा जुन्या गिरणीकडे जाऊन या.” आपली चूक कबूल केली म्हणून शिक्षकाचा मान जात नाही. यंत्रमागाचा व्यवसाय असलेले ते गृहस्थ आहेत असं तुम्ही लिहिलंय. मग त्यांच्या मुलाला दुकानात जायची गरजच काय होती? पहिला माग घरात कसा आला, त्यावर पहिल्यांदा काय विणलं, चादर की टॉवेल, हे त्यांनाच विचारायला सांगा. आपल्या मुलानं वही घेऊन समोर बसावं आणि आपल्याला विचारावं, हे कोणत्या बापाला आवडणार नाही?

हे वाचणाऱ्या पालकांनाही एक विनंती. मुलाला प्रकल्प मिळाला की दुकानात जाण्याआधी बाईंना किंवा सरांना चिठ्ठी लिहून विचारा, गुण कशाला आहेत? शिक्षकाला राग येणार नाही. आलाच तर तो उत्तर तयार नसल्याचा असेल, आणि पुढच्या वेळी ते तयार असेल.

राहता राहिली ती मुलगी. तिच्याशी बेइमानी होईल याची तुम्हाला काळजी आहे, पण इतरांना दुसरी संधी दिली म्हणून तिचं काही कमी होत नाही. तिची वही मात्र तिला विचारल्याशिवाय वर्गात वाचून दाखवू नका. आजीचं विडीकाम सगळ्यांसमोर यावं असं तिला वाटतं की नाही, ते तीच ठरवेल. आणि एक विचारायचं राहिलं. दहापैकी नऊ दिलेत, तो एक गुण कशाचा कापला? तुमच्या पत्रात ते नाही, बहुधा तिच्या वहीतही नसेल. शुद्धलेखनाचा असेल तर तो परत द्या. दुसरं काही असेल, उदाहरणार्थ आजी कोणत्या सालापासून विड्या वळते हे विचारायचं राहून गेलं असेल, तर तेवढी एक ओळ उद्याच तिच्या शेवटच्या पानावर लिहून द्या. ती घरी जाऊन अव्वाला विचारेल.